वीसची पाचर

२० जानेवारी, सोमवार

प्रिय मामा,

आधी चूक दुरुस्त करते, मग खुशाली. बारा तारखेच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की आमच्या कारखान्यातली सुऱ्यांना धार लावायची सहाशे यंत्रं दोन अंश चुकीची निघाली, ड्रिलवाल्या काकांनी भोक वर पाडलं आणि मी ते पकडलं. 'पकडलं' या शब्दाखाली मी रेघसुद्धा ओढली होती. त्या वाक्यातल्या तिन्ही गोष्टी चूक आहेत. यंत्रं बरोबर आहेत. काकांचं भोक बरोबर आहे. आणि मी काही पकडलेलं नाही, मीच सापडले आहे.

मामी हे पत्र तुझ्या आधी वाचते हे मला माहीत आहे, म्हणून तिच्यासाठी पहिल्यापासून सांगते. आमचं यंत्र म्हणजे एक चिमटा, एक खांब आणि एक दांडी. सुरी चिमट्यात आडवी धरायची. दांडीला दगड बसवलेला असतो आणि दांडीचं दुसरं टोक खांबातल्या भोकातून जातं. भोक जितकं उंच, तितका दगड सुरीवर जास्त तिरपा येतो. वीसच्या खुणेचं भोक म्हणजे वीस अंश. हात कसाही असो, कोन यंत्र सांभाळतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'प्रत्येक सुरीला अचूक २० अंश'. त्या 'अचूक'ची राखण करायला मला ठेवलंय. तपासणीच्या कागदावर सही माझी असते.

या महिन्याच्या सुरुवातीला आमचा कोनमापी दुरुस्तीला गेला. मालक म्हणाले, "येऊ दे, मग तपासू." मी म्हणाले, "थांबायचं कशाला? माझ्याकडे त्याहून खात्रीचं आहे." आणि पिशवीतून आपली पितळी पाचर काढली. आठ वर्षांची असताना तू माझ्या हातात दिलेली, वर २० कोरलेली. यंत्राच्या दगडाखाली सरकवली तर फट दिसली. दहा यंत्रं पाहिली, दहाही ठिकाणी तीच फट. मालकांनी लॉट अडवला. काकांना ड्रिलवरून उठवून पॅकिंगला बसवलं. बाहेरच्या एका वर्कशॉपला नवा साचा करायला दिला, म्हणजे सहाशेच्या सहाशे खांबांना दोन अंश खाली दुसरं भोक पाडता येईल.

परवा कोनमापी परत आला. यंत्रावर ठेवला, वीस. दुसऱ्यावर, वीस. मग मला काय सुचलं कोण जाणे, पाचरीवर ठेवला. सतरा पूर्णांक आठ. मी त्याची बॅटरी बदलली. मग शेजारच्या मुलीचा शाळेतला कोनमापक मागून आणला. तोसुद्धा अठराच्या अलीकडेच थांबला.

मामा, ही पाचर कधी वीसची होती का? या पाचरीवर मी धार लावायला शिकले. तुझ्या दुकानात निम्म्या बाजाराच्या सुऱ्या येतात. मी कारखान्यात पाचर खोटी म्हणाले, तर लोक पाचर देणाऱ्याला खोटं म्हणतील. ते मला सहन होणार नाही. मालक सव्वीसला दुकानदारांकडे फिरतीवर जाताहेत. त्याआधी तुझं उत्तर आलं तर बरं. फोन केला असता, पण तुझे कान तर तू ग्राइंडरला वाहून टाकलेस.

खुशाली लिहायची राहिली. बरी आहे.

तुझी,
मोजपट्टी

·

२४ जानेवारी

मोजपट्टीबाई,

पत्र मिळालं. मामीने आधी वाचलं, मग मी. तिला खांब, दांडी सगळं कळलं. मला एवढंच कळलं की एका कामाच्या माणसाला तू खोकी भरायला बसवलंस. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर कोण तर पितळेचा तुकडा.

पाचरीचं म्हणशील तर पितळ आहे, पितळ झिजतं. हवा लागते, घाम लागतो, तुझे हात तर लहानपणापासून घामट. विषय संपला.

आणि वीसची होती की अठराची, सुरीला काय कळतंय? सुरीला आकडा कळत नाही, सवय कळते. रोज अठराने लाव, ती अठराची होईल आणि सुखाने टोमॅटो कापेल. आज अठरा, उद्या बावीस असं केलंस तर ती कुणाचीच होणार नाही. हे मी तुला शंभरदा सांगितलंय. तू तेव्हा वहीत लिहून घ्यायचीस आणि खाली तारीख घालायचीस.

तुमचं हे यंत्र मला पटत नाही. ज्याला धड चालता येतं त्याने कुबडी का घ्यावी? तरी एक पाठव. बघू तुमचं 'अचूक' किती पाण्यात आहे.

मालकांना सांगून टाक. माझं नाव घे, पाचरीचं घे, हवं तर मामीचंही घे. कोण काय म्हणतं ते मला तसंही ऐकू येत नाही.

मामा

(खाली मामी लिहिते आहे: ह्यांनी हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलंय. 'पितळ झिजतं' हे वाक्य मात्र पाचही वेळा होतं.)

·

२८ जानेवारी, मंगळवार

प्रिय मामा,

सांगितलं नाही.

तुझं पत्र शनिवारी सकाळीच आलं, म्हणजे सबब नाही. त्या दिवशी मी मालकांच्या दारापर्यंत तीनदा गेले. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा मी फोनवर असल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय गं, काही हवंय का?" मी म्हणाले, "पंखा बंद करू का?" पंखा बंदच होता. त्यांनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "कर."

रविवारी ते फिरतीवर गेले आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. ते सोमवारी, सतरा फेब्रुवारीला परत येतील. त्याच सकाळी नवा साचा येणार आणि साडेनऊला ड्रिल सुरू होणार. तोवर कोणी बोललं नाही, तर सहाशे चांगली यंत्रं माझ्या सहीने बिघडतील. शिवाय माझी सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक फेब्रुवारीअखेरीला संपते आहे. कायम करायचं की नाही ते मालक ठरवणार.

आता पाचर. मी ती भिंगाखाली पाहिली. मामा, झिजलेलं पितळ गुळगुळीत असतं. या पाचरीची वरची बाजू तशीच आहे, पण खालच्या बाजूवर बारीक, एका रेषेतले ओरखडे आहेत. ही झीज नाही, ही कानस आहे. कुणीतरी ही पाचर मुद्दाम घासली आहे.

तुझ्या दुकानातली कानस लहानपणी माझ्याशिवाय कोण हाताळायचं? दादा! सुट्टीत आम्ही दोघं तुझ्याकडे असायचो आणि आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. मला तू पाचर दिलीस आणि त्याला दिली नाहीस, याचा राग त्याने नक्की काढला. मी आजच त्याला तीन पानी पत्र टाकलंय, मुद्दे क्रमाने.

वेगळ्या पार्सलने यंत्र पाठवते आहे. ते अडवलेल्या लॉटमधलं नाही, मी स्वतःसाठी घेतलेलं, गेल्या वर्षीचं, पण भोकं त्याच काकांनी पाडलेली.

एक विचारू? तुझं अक्षर असं वेडंवाकडं का झालंय? 'संन्याशाला' हा शब्द तर ओळीवरून उतरून खाली गेलाय. माझ्यावर इतका रागावलास का?

मोजपट्टी

·

३ फेब्रुवारी

मोजपट्टीबाई,

रागावलो नाही. टेबलाचा पाय डगमगतो.

त्या दादाला आधी मोकळा कर. त्याला कानस कुठल्या बाजूने धरायची हे आजही माहीत नाही. संन्यासी किती गोळा करणार आहेस, एकदा आकडा सांग.

यंत्र आलं. डब्यातून काढलं तेव्हा मामी म्हणाली, "हे काय, दाताच्या डॉक्टरचं आहे का?" मी हसलो. मग म्हटलं, बोलावलंय पाहुण्याला, तर पाणी तरी विचारावं.

कपाटात माझ्या हातच्या जुन्या धारेच्या दोन सुऱ्या होत्या, न वापरलेल्या. एक भाजी चिरायची, चांगली रुंद. एक फळं सोलायची, अरुंद. दोन्हींच्या धारेला मी मामीच्या पेनची काळी शाई फासली. (पेन मेलं. मामी बोलत नाही.) यंत्र वीसच्या खुणेवर ठेवलं आणि दगड एकदाच फिरवला. शाई जिथली निघाली तिथे दगड टेकला, हे तर तुला ठाऊकच आहे.

रुंद सुरीची शाई वरच्या अंगाची निघाली, कडेला तशीच राहिली. म्हणजे दगड फार निजलेला. अरुंद सुरीची फक्त अगदी कडेची निघाली. म्हणजे दगड फार उभा. खूण तीच, यंत्र तेच, आणि रुंद सुरीला एक सांगतं, अरुंद सुरीला दुसरं. असं यंत्र माणूस असतं तर त्याला दुतोंडी म्हटलं असतं.

पण एक कबूल करतो. त्याच सुरीवर दगड दहादा फिरवला तर दहाही वेळा तो त्याच जागी टेकला. केसाचा फरक नाही. हे काही वाईट नाही.

तू नाकाने कांदे सोलणारी आहेस म्हणून विचारतो, खोक्यावर 'प्रत्येक सुरीला' असं छापलंय ना? प्रत्येक म्हणजे कुठल्या?

मामा

·

४ फेब्रुवारी

बाळा,

हे पत्र मी ह्यांना न सांगता टाकते आहे.

टेबलाचे चारही पाय शाबूत आहेत.

हात थरथरतो. सात-आठ महिने झाले. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, म्हणाले जीवाला धोका नाही, पण बारीक काम जपून. आता धार लावणं याहून बारीक काम कुठलं! हात दगडावर ठरेना. गिऱ्हाइकं सुऱ्या परत आणायला लागली, "मामा, या वेळी टिकली नाही." हे ऐकू न आल्यासारखं करायचे. त्यांना ते सोपं जातं.

तुझं यंत्र आलं त्या दिवशी त्याची यथेच्छ टिंगल झाली. दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार अर्धं लोटून आत काहीतरी चाललं होतं. तिसऱ्या दिवशी अकरा सुऱ्या झाल्या. अकरा! कोपऱ्यावरच्या खानावळीच्या स्वयंपाक्याने सुरी हातात घेतली, कागद कापून पाहिला आणि म्हणाला, "मामा, हात परत आला की तुमचा." हे त्यांना बरोबर ऐकू आलं. संध्याकाळी गुणगुणत होते, बेसूर.

म्हणून सांगते, ते यंत्र खरं असू दे. तुमच्या मालकांना काय सांगायचं ते तू ठरव, पण जी शेकडो यंत्रं बाहेर जातील, ती घेणाऱ्यांत थरथरत्या हातांचे असे किती असतील, ते मनात ठेव.

पाचरीचं मला माहीत आहे. तुझ्या मामाने केलेल्या गोष्टी मी चाळीस वर्षं माहीत करून घेते आहे. पण ते मी सांगणार नाही, त्यांच्या तोंडूनच आलं पाहिजे. तू सरळ विचार. आडून विचारलंस की ते आडून उत्तर देतात.

पेन मिळालं नाही म्हणून पेन्सिलने लिहिलंय.

मामी

·

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय मामा,

'प्रत्येक म्हणजे कुठल्या?' हे वाक्य मी कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. रोज त्याच्याकडे बघूनच कामावर जाते.

तू म्हणतोस ते खरं आहे, आणि मला ते आधीच कळायला हवं होतं. आम्ही तपासणीला पोलादाची एक पट्टी वापरतो. चिमट्यात धरली की तिची कड भोकापासून बरोबर दीडशे मिलिमीटरवर येते. तिच्यावर वीस म्हणजे वीस. पण रुंद सुरी चिमट्याबाहेर जास्त येते, तिची कड भोकापासून लांब जाते आणि दगड निजतो. मी गणित केलं, मग सुऱ्या आणून मोजून पाहिलं. भाजीच्या रुंद सुरीला आमचं वीस म्हणजे सव्वासतरा. फळांच्या सुरीला सव्वाएकवीस.

आणि काकांचं भोक? ते एक दशांश मिलिमीटर सरकलं, तर कोन बदलतो अंशाच्या तिसाव्या भागाने. सुरी एका बोटाने जास्त रुंद असेल, तर दोन अंशांनी. त्या तिसाव्या भागावर आम्ही, माझ्या आधीचे धरून, पाच वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलो आणि बोटभर फरक रोज खोक्यात घालून पाठवत राहिलो.

तुझ्या दहा फेऱ्यांचंही मोजलं. एकाच सुरीवर दहा वेळा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिलं. सगळा फरक मिळून अंशाचा पाचवा भाग. म्हणजे यंत्र दुतोंडी नाही, मामा. ते त्याच सुरीला नेहमी तेच सांगतं. खोटं बोलतं ते खोकं.

शुक्रवारी काकांना सगळं सांगितलं. हिंमत आली म्हणून नव्हे. ते माझ्याच टेबलाशी खोकी न्यायला आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं. पाचर दाखवली, आकडा दाखवला. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या खात्रीने बोललीस, की दोन दिवस मलाच माझ्या भोकाचा संशय आला. तिसऱ्या दिवसापर्यंत इकडची खुर्ची आवडली. तिकडे सव्वीस वर्षं उभा होतो. इथे बसायला आहे, रेडिओ आहे."

"म्हणजे तुम्हाला परत ड्रिलवर नको?"

"खुर्ची घेऊन जाईन ना," ते म्हणाले. मग हसायचे थांबले. "नाव तेवढं साफ कर, पोरी. माझ्यामागे 'वाकडं भोक' म्हणतात."



आता अडचण सांगते. मला मालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत, की मी चुकले, आणि खोक्यावरचं वाक्य चूक आहे. पण पहिली सांगितली की दुसरी कोण ऐकणार? जिला अठरा आणि वीस कळले नाहीत तिने 'अचूक' शब्दाला नावं ठेवू नयेत, असंच म्हणतील. एक पळवाटही सुचली होती. कोनमापी बिघडला होता म्हणायचं. लॉट सुटेल, काका सुटतील, पाचरीचं आणि तुझं नावही येणार नाही, आणि खोक्याबद्दल माझं ऐकतील. कोनमापी काही उलट बोलणार नाही. चार दिवस ही वाट मला बरी वाटली, हे तुझ्यापासून लपवत नाही.

दादाचं उत्तर आलं. एक ओळ आहे: 'पाचर मी घासली नाही, तुझ्या पेन्सिली मात्र मीच चावायचो.' त्याची माफी मागितली आहे, एक पानी.

म्हणून आता सरळ विचारते, मामा. पाचर कुणी घासली?

मोजपट्टी

·

१२ फेब्रुवारी

मोजपट्टीबाई,

अक्षर चांगलं दिसतंय ना? मामी लिहिते आहे, मी सांगतो आहे. टेबलाचा पाय डगमगत नाही, हात डगमगतो. हे तुला माहीत असावं असा मला संशय आहे, कारण यंत्र आल्यापासून घरात पेन्सिल सापडत नाही आणि पोस्टाचं तिकीट एक कमी भरतं. (मी जसं सांगतात तसं लिहिते आहे. — मामी)

पाचर मी घासली.

तू नऊ वर्षांची होतीस. शिकवायची आपली रीत आठव. सुरीची पाठ पाचरीवर टेकवायची, कोन बघायचा, मग पाचर काढून घ्यायची आणि तोच कोन हाताने राखत सुरी ओढायची. तुझं सगळं उत्तम. पण पाचर काढली रे काढली, की तुझा हात थोडा वर यायचा. दर वेळी तेवढाच. भीतीने. दगडाला ओरखडा पडेल म्हणून तू सुरी हळूच उचलायचीस. मी म्हणायचो "खाली", तू म्हणायचीस "खालीच आहे", आणि डोळ्यांत पाणी. आठवडाभर हे चाललं. शेवटी तू वहीत लिहिलंस, 'मला धार येत नाही', खाली तारीख.

ती वही मी पाहिली. दुसऱ्या दिवशी तू उठायच्या आत पाचर शिकंज्यात धरली आणि खालच्या बाजूने दोन अंशांहून थोडी जास्त उतरवली. त्या दिवसापासून तू पाचर ठेवायचीस अठराला आणि हात जायचा वीसला. धार फक्कड! तू नाचलीस. मी मनात म्हटलं, मोठी झाली की सांगू. मग तू मोठी झालीस, तपासणीत लागलीस, पाचर पिशवीत घालून गेलीस, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर हिला वाटेल की हिला कधी येतच नव्हतं.

तसं नाही, बाळा. तुझा हात एवढ्या वर्षांत कधी तसूभर हलला नाही. जिथे जातो तिथेच जातो. त्या यंत्रासारखा. आकडा चुकीचा होता तो मी दुसऱ्या बाजूने चुकवून बरोबर केला. पण पाचर यंत्राखाली सरकवायची वेळ येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. यंत्र घाबरून वर होत नाही.

आता तुझी पळवाट. कोनमापी उलट बोलणार नाही, बरोबर. पण तू झोपेत बोलतेस. लहानपणी बिस्किट चोरलंस तरी पहाटे कबुली द्यायचीस, किती खाल्ली त्या आकड्यासकट.

दुसरी गोष्ट ऐकतील का? मला ऐकू येत नाही, म्हणून मी लोकांची तोंडं बघत आलोय. जो आधी स्वतःची चूक सांगतो, त्याच्या पुढच्या वाक्याला लोक मान वर करून बसतात. जो आधी दुसऱ्याची सांगतो, त्याच्या वेळी चहा ओततात. एवढंच माझं शास्त्र.

माझं नाव नक्की घे. 'मामाने घासली' म्हण. मला खोटा म्हणाले तर म्हणू दे. खोटीच होती ती पाचर. खोटी होती आणि धार खरी आली.

आणि खोक्यावर काय छापायचं ते मलाही विचारा. मी आता गिऱ्हाईक आहे. कालच्या दिवसात चौदा सुऱ्या.

मामा

(आज शाईचं नवं पेन आणलंय. कुलपात ठेवलंय. — मामी)

·

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय मामा, आणि मामी,

पत्र काल दुपारी मिळालं. मी ते कारखान्याच्या जिन्यात वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग काकांना शोधायला गेले.

"काका, एक आकडा वाचून द्याल?"

पॅकिंगच्या टेबलावर मी दगड ठेवला. सुरीच्या अंगाला कोनमापी चिकटवला, आकडा त्यांच्याकडे. सुरी पाचरीवर टेकवली, पाचर काढली, डोळे मिटले आणि तू शिकवलंस तशी सुरी ओढायला लागले. "वाचा."

"वीस पूर्णांक एक," काका म्हणाले.

"पुन्हा."

"वीस. ... वीस पूर्णांक एक. ... वीस पूर्णांक एक. अगं, हे काय आहे? जादू आहे की काय?"

"कानस आहे," मी म्हणाले आणि मला हसू आणि रडू एकदम आलं. काकांनी रेडिओ बारीक केला. मी त्यांना सगळं सांगितलं, वही, तारीख, पहाटेची कानस. ते बराच वेळ पाचर उलटसुलट करून पाहत होते. म्हणाले, "तुझ्या मामांनी कानस छान मारलीय. एक ओरखडा तिरका नाही." हे तुला कळवायला मला मुद्दाम सांगितलंय.

मामा, मला कधी येतच नव्हतं असं मला वाटलं नाही. वाटेल असं मलाही वाटलं होतं. मी वाट पाहिली, पण वाटलं नाही. उलट सकाळपासून उजव्या हाताकडे सारखी बघते आहे, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

एक दुरुस्ती तुझ्याही पत्रात आहे. 'दोन अंशांहून थोडी जास्त' असं तू सांगितलंस. दोन पूर्णांक दोन. नुसत्या डोळ्यांनी, शिकंज्यात धरून, एका रडक्या मुलीसाठी. कारखान्यात कुणी एवढं जवळ आलं असतं तर मी सही केली असती.

आता ठरवलं ते लिहिते, म्हणजे माझ्याच्याने मागे फिरणं होणार नाही. तू पत्र जपून ठेवतोस हे मला माहीत आहे.

मालक परवा नऊला येतील. सकाळची सगळ्यांची बैठक ड्रिलच्या शेजारीच असते. साडेनऊला यंत्रं सुरू झाली की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, आणि 'मी सांगितलं होतं, तुम्हाला ऐकू आलं नसेल' अशी पळवाट मला ठेवायची नाही. म्हणून आवाज सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर. टेबलावर पाचर ठेवेन, शेजारी कोनमापी. पहिलं वाक्य काकांचं: त्यांची भोकं बरोबर होती. दुसरं माझं: मी न तपासलेल्या पाचरीने तपासलं, आणि ती माझ्याकडे कशी आली ते हे असं. साचा परत पाठवा, लॉट जसा आहे तसा चांगला आहे.

मग, माना वर असल्या तर, खोकं. 'प्रत्येक सुरीला अचूक २० अंश' हे मी खोडून नेणार आहे. त्याजागी लिहिलंय, 'प्रत्येक फेरीला तोच कोन'. आत एक छोटं कार्ड घालायचं, सुरी चिमट्याबाहेर किती आली तर कोन किती, पाच ओळींचं. आणि शाईचं एक काळं पेन. काका म्हणाले, पेन कशाला? मी म्हणाले, ज्याला आकडा मोजता येत नाही त्याला शाई दिसते. मामी, हे पेन तुझ्या पेनाच्या स्मरणार्थ.

मला कायम केलं नाही तर तुझ्या दुकानात येईन. चौदा सुऱ्या तू यंत्रावर कर, पंधरावी मला दे.

पाचर मी परत घासून वीसची करणार नाही. काकांनी विचारलं होतं, करून देऊ का म्हणून. नको म्हणाले. २० च्या खाली सुईने दोन शब्द कोरलेत, 'माझ्या हातासाठी', म्हणजे पुढे कुणी ती यंत्राखाली सरकवणार नाही.

हात आत्ताही घामट आहेत, कागदावर डाग दिसेल. पण एक गोष्ट या पत्रात मी अंदाजाने लिहीत नाही. सोमवार, सतरा फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजता.

तुमची,
मोजपट्टी